दीडची मिरज

एकची आटपाडी गाडी लागली, आणि ती पुकारणारा आवाज आबांचा नव्हता.

मी ताट वाढून घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. भोंग्यातून पठाणकाका बोलत होते, "आटपाडी, आटपाडी. तीन नंबरला गाडी लागलीय, चला." आबा असं कधीच बोलत नसत. ते आधी खाकरायचे, मग म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विट्याहून खानापूर, भिवघाटमार्गे आटपाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." दिवसातून चाळीस वेळा म्हणायचं असलं तरी अख्खं वाक्य म्हणायचे. कंडक्टर लोक त्यांची नक्कल करायचे.

माझे वडील विट्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांच्या वेळा बघायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या नोंदी घ्यायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. आमचं भाड्याचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून होतं. भोंग्याचं तोंड नेमकं आमच्या परसाकडे. शेजारचे वैतागायचे. माझा मात्र सगळा दिवस त्या भोंग्यावर चाललेला असायचा.

ही एकोणीसशे नव्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सतरा वर्षांची होते, बारावीला होते, आणि सहा महिन्यांत एकटी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

सुरुवात कॉलेजात झाली. अर्थशास्त्राच्या तासाला बसले असताना, काही कारण नसताना, एकदम वाटलं की मी आत्ता मरणार. छाती धडधडायला लागली, बोटं बधिर झाली, वर्गातली सगळी माणसं लांब गेल्यासारखी वाटली. मैत्रिणींनी रिक्षात घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग घरात बसल्या बसल्या, अंघोळ करताना, जेवताना. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. "आलं का?" एवढंच आई विचारायची, आणि मी मान हलवायची.

उपाय सगळे झाले. आमच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. छातीचा ईसीजी काढला, तो चांगला निघाला. कुणीतरी सांगितलं म्हणून कराडच्या वैद्यांचा काढा दोन महिने प्यायले. आईनं रेणावीला रेवणसिद्धाच्या देवळात नेऊन दंडाला दोरा बांधला. शेवटी सांगलीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. माणूस भला होता. "हा आजार आहे, सोंग नाही," हे त्यांनी आईला माझ्यासमोर सांगितलं, तेव्हा मला रडू आलं होतं. पण त्यांच्या पहिल्या गोळीनं मी दिवसभर झोपून राहायची आणि जाग आली की परत तेच. दुसरी गोळी दिली, तिनं हात थरथरायचे. तिसरी सुरू होऊन सात आठवडे झाले होते. ते म्हणायचे, धीर धरा. श्वास मोजायला शिकवलं होतं, तर मोजता मोजताच मला वाटायचं की पुढचा श्वास येणार नाही.

चालायचा तो फक्त आबांचा आवाज. ते घरी असले आणि मला आलं, की ते शेजारी बसायचे आणि गाडी पुकारल्यासारखी गावं म्हणायचे. "तासगाव. कवठे एकंद. कुमठे फाटा. कवलापूर. बुधगाव. माधवनगर. सांगली." अगदी सावकाश, प्रत्येक गावाला थांबत. सांगली येईस्तोवर माझी बोटं हलायला लागायची. नाही हलली तर ते पुढं कोल्हापूरपर्यंत जायचे. ते ड्युटीवर असले की भोंगा होताच. दर दहा-पंधरा मिनिटांनी त्यांचा आवाज यायचा, आणि तेवढ्यावर मी पुढची दहा मिनिटं काढायची.

गणपतीपासून तो आवाज बसला होता. आबा म्हणायचे, दिवसभर ओरडून बसतो, माईक जुना झालाय. आई हळद-दूध द्यायची. मला काही वाटलं नाही. मला तेव्हा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काही वाटतच नव्हतं.

त्या दिवशी आई सकाळी खानापूरला गेली होती. मामाच्या घरी डोहाळजेवण होतं. मला एकटं सोडायची तिची तयारी नव्हती, पण आबाच म्हणाले, "जाऊन ये की. मी स्टँडवर आहे. भोंगा ऐकू येतोय म्हणजे मी घरातच आहे." दहापर्यंत तो ऐकू येत होता. मग बंद झाला. मी स्वतःला सांगितलं की माईक बिघडला असणार, बिघडायचा अधूनमधून. तीन तास मी खाटेवर भिंतीला पाठ लावून बसले होते आणि माईक बिघडलाय, माईक बिघडलाय, असं म्हणत होते.

आणि आता माईक चालू झाला होता, आणि त्यात पठाणकाका होते.

घरापासून स्टँडच्या फाटकापर्यंत दोनशे पावलं असतील. मी पायात चपला घातल्या. कडी लावली. कुलूप लावायचं सुचलं नाही. भिंतीला हात धरत धरत चालले. पानपट्टीवाल्यानं बघितलं, एवढं आठवतं. कानात नुसता सूं आवाज. मला खात्री होती की मी फाटकापर्यंत पोचायच्या आत पडणार.

पठाणकाका म्हणजे गफूर पठाण, दुसरे कंट्रोलर. आबांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. आधी दोघं एकाच गाडीवर होते, काका ड्रायव्हर आणि आबा कंडक्टर. चौकशीच्या खिडकीत मला बघून ते उभेच राहिले.

"तू? एकटी आलीस?"

"आबा कुठायत?"

"सांगलीला गेलाय. ऑफिसात मीटिंग आहे. अचानक ठरलं." त्यांनी भराभर सांगितलं. "बस तू इथं. पाणी पी. कुणाला तरी बरोबर देतो, घरी जा."

त्यांनी मला खिडकीखालच्या बाकावर बसवलं, तांब्या आणून दिला. मी दोन्ही हातांनी तो धरला तरी पाणी अंगावर सांडलं. तेवढ्यात आत फोन वाजला आणि काका गेले. खिडकी उघडीच होती.

"बोल, म्हादू." माझ्या वडिलांचं नाव महादेव. "हां. काय म्हणाले? ... मग राहा की. ... आजच्या आज राहा म्हणतायत तर राहा. ... येडा आहेस का तू? चारच्या गाडीनं कशाला येतोस? ... रक्त पडतंय तुझं, म्हादू! पोरीचं बघतो मी. आम्ही काय मेलो का सगळे? ... हॅलो? हॅलो?"

काकांनी फोन ठेवला. वळले, तर मी दारात उभी होते.

"कुणाचं रक्त?" मी विचारलं.

"बाळ, तू बस."

"काका, कुणाचं रक्त?"

ते खुर्चीत बसले. टोपी काढून टेबलावर ठेवली. मला वाटतं, ते खोटं शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हतं. मग त्यांचा चेहराच बदलला. माझ्या सतरा वर्षांत ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते.

"तुझ्या बापाच्या घशात गाठ आहे. कॅन्सर. कार्तिकात तुकडा काढून तपासला मिरजेत. तेव्हा लहान होती. डॉक्टर म्हणाले, दीड महिना इथं राहा, किरणांचा शेक देतो, आवाज राहील बहुतेक. हा उठून आला. का, तर पोरगी दीड महिना आवाजाशिवाय काढायची नाही. परीक्षा होऊ दे म्हणाला. कुणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. तुझ्या आईला पत्ता नाही. मी चार महिने इथं बसून ऐकतोय रोज त्याचा आवाज कसा फाटत चाललाय ते. अख्खा स्टँड ऐकतोय. आज सकाळी थुंकीतून एवढं रक्त पडलं, तेव्हा मी ओढून गाडीत घातला. तुला कळू नये म्हणून मी तीन तास माईक बंद ठेवला, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि आता डॉक्टर म्हणतात, आजच भरती व्हा, सगळा घसा काढावा लागंल. तर हा म्हणतो, चारच्या गाडीनं येतो परत. रेवा घरी एकटी आहे."

बोलून झाल्यावर त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. रुमालानं तोंड पुसलं. "मी बोलायला नको होतं," म्हणाले.

मला आलं. तसं कधीच आलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. काका धावले, पंखा माझ्याकडे वळवला, काय करावं त्यांना कळेना. आणि मला एवढंच दिसत होतं की आबा चारच्या गाडीत बसणार, सहा वाजता इथं उतरणार, घरी येऊन माझ्या शेजारी बसणार आणि म्हणणार, "तासगाव. कवठे एकंद."

"मिरजेची गाडी कधी आहे?" मी विचारलं.

"दीडला. का?"

"मला बसवा."

"तू जाणार? बाळ, तुला उभं राहता येत नाहीये."

"बसवा काका. बसायलाच तर लागतं गाडीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. ते स्वतः येऊ शकत नव्हते, स्टँड सोडून जाता येत नाही. मला धरून त्यांनी फलाटावर नेलं, कंडक्टरच्या पाठीमागच्या सीटवर खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला म्हणाले, "शेट्यांची पोरगी आहे. मिरजेत शेटे भेटला तर त्याच्या हवाली कर. नाही भेटला तर तिथल्या कंट्रोलरकडं बसव आणि मला फोन कर. तिला बरं नाही. काय म्हणेल ते ऐक."

गाडी सुटली. काका माईककडे परत गेले असणार, कारण फाटकातून बाहेर पडताना मागून त्यांचा आवाज आला. पुकारत होते ती आमचीच दीडची मिरज. ते म्हणत होते, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." गाडी सुटून गेल्यावर.

त्या प्रवासातलं मला सलग काही आठवत नाही. कुणी मला सांगितलं असतं की प्रेमाच्या माणसासाठी निघालं की भीती मागे पडते, तर मी त्याला त्या सीटवर बसवलं असतं. भीती माझ्याबरोबर बसली होती, मांडीला मांडी लावून. मी आबांसारखी गावं म्हणून बघितली. माझ्या आवाजात ती नुसती गावं होती. तासगाव येईपर्यंत माझे दोन्ही हात मनगटापासून वाकडे झाले होते, बोटं चिमटीसारखी आवळली होती. शेजारच्या बाईनं ते बघितलं आणि ओरडली, "अहो, हिला फिट येतीय!"

मग सगळीच उठली. कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी तोंडावर पाणी मारलं. एवढी तोंडं वर झुकलेली बघून मी किंचाळले, उठले, आणि घंटीची दोरी ओढली. ओढतच राहिले.

गाडी तासगावच्या पुढं, द्राक्षाच्या बागांमध्ये थांबली. मी उतरून रस्त्याच्या कडेला ओकले. ऊन मरणाचं होतं. कंडक्टर खाली उतरला. साधारण तिशीचा, सावळा माणूस. नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो माझ्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, "बसा आत. कुणी उतरू नका."

मग मला म्हणाला, "ताई, मला दोन-चार मिनिटं थांबता येईल. परत जायचं असेल तर विट्याची गाडी अर्ध्या तासानं येईल, वाटेत भेटली की तिला हात करून तुम्हाला घ्यायला सांगतो. पुढं जायचं तर बसा. कसं करू?"

परत जायचं तर मला अर्धा तास या रस्त्यावर एकटीनं उभं राहावं लागणार होतं. पुढं जायचं तर या गाडीत. मागे जसं होतं तसंच पुढे होतं. ते मला पहिल्यांदाच दिसलं. मी सहा महिने समजत होते की कुठंतरी एक जागा आहे जिथं ते येत नाही, आणि ती आमच्या घरात, भोंग्याखाली आहे. पण ते तिथंही रोज येतच होतं. मी फक्त आबांना त्याच्या पुढं उभं केलं होतं.

"आबा चारच्या गाडीनं निघतील," मी म्हणाले. वाक्य जुळायला वेळ लागला. "त्याच्या आत पोचेल का?"

कंडक्टरनं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. "ड्रायव्हरला सांगतो," म्हणाला.

मी चढले. ते काही कमी झालं नाही. सांगलीपर्यंत मी पुढच्या सीटच्या दांडीला कपाळ लावून बसले होते आणि मधे मधे, आता मेले, आता मेले, असं मोठ्यानं म्हणत होते, हे ती बाई उतरताना कंडक्टरला सांगत होती. मी मेले नाही.

मिरज स्टँडवर पोचलो तेव्हा चारला दोन-तीन मिनिटं कमी होती. विट्याची गाडी फलाटाला लागलेली, इंजिन चालू. कंडक्टरनं मला दंडाला धरून तिकडं नेलं, आणि मला आबा दिसले. ते खिडकीत बसले होते, मांडीवर कापडी पिशवी आणि एक मोठं पिवळं पाकीट. डोळे मिटलेले. मला त्या मिनिटात कळलं की ते किती वाळलेत. गळ्यापाशी शर्टाची कॉलर कुणा दुसऱ्या माणसाची असावी तशी दिसत होती. रोज समोर असलेलं माणूस मी कधीपासून बघितलंच नव्हतं.

मी पत्र्यावर हात मारला.

त्यांनी डोळे उघडले. काही क्षण त्यांना ओळख पटली नाही. मग ते खिडकीतून जवळजवळ बाहेर आले.

"रेवा? कोण आलंय बरोबर?"

"कुणी नाही."

त्यांनी माझ्या मागं बघितलं. कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टर म्हणाला, "एकट्याच आल्यात साहेब."

"उतरा खाली," मी म्हणाले.

"तू वर ये. घरी जाऊ." त्यांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. इतक्या जवळून, भोंग्याशिवाय, दिवसाच्या उजेडात मी तो पहिल्यांदा ऐकत होते असं वाटलं.

"काकांनी सगळं सांगितलंय. उतरा. डॉक्टरांनी आजच राहायला सांगितलंय ना?"

"परीक्षा झाली की..."

"परीक्षा गेली खड्ड्यात."

ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "शेटेसाहेब, सोडू का गाडी?" आबांनी हातानं त्याला थांबवलं आणि खाली उतरले. माझ्यासमोर उभे राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आवाज जाणार आहे, रेवा," ते म्हणाले. "परत यायचा नाही. गळ्याला भोक ठेवतात आणि त्यातनं श्वास. बोलता येत नाही."

"जाऊ दे."

"तुला आलं तर मी काय करू?"

मी काय बोलावं हे ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

"आता येत नाही. बंद झालं. येताना गाडीत एकदासुद्धा आलं नाही."

माझे दात एकमेकांवर वाजत होते. बोटं अजून पुरती उघडत नव्हती. ओढणीला ओकारीचा वास येत होता, आणि कंडक्टर बाजूला उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. आबांनी माझा हात हातात घेतला, एकेक बोट सरळ केलं, पाचही. ओढणीचं टोक उचलून बघितलं आणि परत सोडलं.

"बरं," ते म्हणाले.

मग ड्रायव्हरला हात केला. गाडी गेली.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. आई आली होती, पठाणकाका आले होते. काकांनी आईचे पाय धरले, तिनं त्यांना उठवलं. ती त्यांच्यावर रागावली नाही आणि माझ्यावरही रागावली नाही. आबांवर मात्र रागावली होती. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे आता बोलायला दोनच दिवस उरलेत.

सकाळी आठला त्यांना आत न्यायचं होतं. साडेसातला मला आलं. मला ते त्यांच्यासमोर येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून वऱ्हांड्याच्या टोकाला मोरीत गेले, नळ सोडला आणि नळाला धरून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा खाट रिकामी होती. आई दाराशी उभी होती.

"विचारत होते," ती म्हणाली, "रेवा कुठाय."

तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

बारावीचा पहिला पेपर मी पाऊण तास लिहिला आणि उठले. दोन विषय राहिले, ते ऑक्टोबरमध्ये काढले. आजार पुढं चार वर्षं तसाच होता. सांगलीच्या त्या डॉक्टरांनी पाचवी गोळी दिली ती थोडी लागू पडली. मग त्यांच्याच ओळखीच्या एक बाई होत्या, त्या मला रोज ठरावीक अंतर चालायला लावायच्या. आधी पानपट्टी, मग फाटक, मग फलाट. आलं तर येऊ दे म्हणायच्या, थांबून राहा, पळू नको. मी त्यांना कधी सांगितलं नाही की हे मी एकदा तासगावच्या पुढच्या रस्त्यावर केलेलं आहे. आज मी तासगावच्या एका शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाते-येते. अजूनही कधीतरी येतं.

आबा तेरा महिने होते. गळ्याला पांढरं फडकं बांधायचे. स्टँडवर त्यांना नोंदीचं काम दिलं होतं, माईक पठाणकाकांकडे. घरी पाटी-पेन्सिल ठेवली होती. आधी ते लांबलचक वाक्यं लिहायचे, भोंग्यावर बोलायचे तशी, मग कंटाळून एकेक शब्दावर आले. पुढच्या पौषात मानेला दोन गाठी आल्या, आणि डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की आता काही करू नका.

त्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांना एकटी जाऊन भेटले. विचारलं, "कार्तिकात आले असते तर?" डॉक्टर तरुण होते. ते फाईल मिटून म्हणाले, "फरक पडला असता."  मी त्यांना दोष देत नाही. मी विचारलं होतं.

पुढं महिन्याभरात आबा अंथरुणाला लागले. एका दुपारी आई बाहेर वाळवण काढत होती आणि मी त्यांच्यापाशी बसले होते. मला ते विचारायचं नव्हतं. वर्षभर विचारलं नव्हतं.

"माझ्यासाठी का थांबलात, आबा?"

त्यांनी पाटी मागितली. लिहायला फार वेळ लागला, पेन्सिल हातातून सुटत होती, मी उचलून देत होते. पाटी माझ्याकडे फिरवली.

"तुझं निमित्त. भीती माझी होती."

मी वाचलं. परत वाचलं. माझा बाप पंचवीस वर्षं घाटातून एसटी घेऊन जाणाऱ्या माणसांमध्ये राहिला होता, त्याला कधी कशाची भीती वाटलेली मी बघितली नव्हती. हे खरं असेल, तर तो माझ्यासारखाच होता आणि मला ते कधी कळलं नाही. आणि खोटं असेल, तर मी मिरजेच्या स्टँडवर त्याला जे दिलं होतं, तेच तो मला देत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं झाली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"खरंच?" मी विचारलं.

त्यांनी पाटी ओढून घेतली, तळहातानं सगळं पुसलं, आणि लिहिलं, "चहा टाक."

मी उठून चहा टाकला.